चार प्रश्नांची उत्तरं : रोजनिशीतील काही पानं

९ डिसेंबर २०१५, बुधवार. सांगली

दूरसंचार नियामक ट्रायचं नवं चर्चापत्र आज आलं. रात्री जेवण झाल्यावर एका बैठकीत वाचून काढलं. मार्चमधलं चर्चापत्र ११८ पानांचं होतं, प्रश्न २०. व्हॉट्सअॅप-स्काइपला परवाना लागावा का इथपासून सगळं त्यात एकाच गाठोड्यात बांधलेलं होतं. या वेळी प्रश्न चारच आहेत. मोबाइल कंपन्यांना वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी आणि अॅपसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का? द्यायचे असतील तर भेदभाव होऊ नये, नव्या माणसाला बाजारात शिरता यावं, यासाठी काय करावं? लोकांना फुकट इंटरनेट द्यायचं तर याखेरीज दुसरे मार्ग आहेत का? आणि शेवटी, आणखी काही सांगायचं आहे का?

विषय वर्षभर धुमसतो आहे. गेल्या डिसेंबरात एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे घ्यायचं जाहीर केलं, ओरड झाल्यावर थांबवलं. फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सला जोडीला घेऊन सहा राज्यांत इंटरनेट डॉट ऑर्ग आणलं, त्यात महाराष्ट्र होता. एप्रिलमध्ये ‘एअरटेल झीरो’ आलं. त्यात अॅपवाल्या कंपनीने एअरटेलला पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते अॅप फुकट मिळायचं. फ्लिपकार्ट त्यात जाणार म्हणताच लोक असे संतापले की आठ-दहा दिवसांत कंपनीला अंग काढून घ्यावं लागलं. त्याच महिन्यात ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेल्या. ट्रायने त्या पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जाहीर केल्या, हे मात्र वाईट झालं. लोकांनी विश्वासाने लिहिलेलं असतं, त्यांचे पत्ते चव्हाट्यावर मांडायचे नसतात.

मला या प्रश्नाचं इतकं का लागतं? मराठीत इंटरनेटवर आज जे वाचण्याजोगं आहे, ते बहुतांशी एकेकट्या माणसांनी पदरमोड करून उभं केलं आहे. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा कोणत्या मोबाइल कंपनीची परवानगी लागली नव्हती. लिहायचं, चढवायचं, आणि ज्याला वाचायचं त्याने यायचं, एवढाच नियम होता. तो मोडला तर पहिला फटका इंग्रजीला बसणार नाही. तो आपल्याला बसेल.

१४ डिसेंबर, सोमवार

सकाळी मार्केट यार्डात तात्यांच्या अडत दुकानी गेलो. हळदीचा नवा हंगाम अजून लांब आहे, जुन्या मालाचे सौदे चालू होते. राजापुरीची पोती ओतलेली, खरेदीदार ढिगातलं एक हळकुंड उचलतात, कट्कन मोडतात, आतला रंग उजेडात धरून बघतात आणि भाव बोलतात. तात्यांच्या दिवाणजींचा मुलगा बाजूला उभा होता. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. भाव तुटला की अंगठ्याने फोनवर आकडा टाकायचा, पुढच्या ढिगाकडे जायचा. पुढचा सौदा संपायच्या आत मागचा भाव त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर आलेला. पान साधंच आहे. वरती तारीख, खाली प्रतवारी, किमान भाव, कमाल भाव. जागेचं वर्षाचं भाडं तो शिकवणीच्या पैशांतून भरतो.

“बघतं कोण हे?” मी विचारलं.

“वसमत, हिंगोलीकडचे लोक लई बघतात, सर. गाडी भरायच्या आधी.”

एवढ्या लांबून ट्रक भरून माल आणायचा तर आदल्या दिवशीचा भाव कळणं म्हणजे केवढी गोष्ट! आणि ही सोय त्या पोराने कुणाला विचारून केलेली नाही. ना बाजार समितीला, ना मोबाइल कंपनीला.

तात्यांना मी चर्चापत्राचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रोखठोक विचारलं, “मास्तर, फुकट मिळतंय ते घ्यायला हरकत काय? माझ्या शेतावरच्या गड्याकडं महिन्याला अडीचशे रुपये टाकून नेट घ्यायची ऐपत न्हाई. त्याला चार पानं तर बघायला मिळतील.”

मी म्हणालो, “तात्या, यार्डाकडं येणाऱ्या रस्त्यावर नाका बसवला आणि एकाच अडत्याच्या गाळ्याकडं जाणाऱ्या गाड्यांना तो माफ केला तर?”

“मग बाकीच्यांनी शटर ओढायचं,” तात्या म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, “ते बरोबर. पण माझ्या गड्याचं काय, ते सांगा.”

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. जो कोणी नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना सारखीच वागणूक मिळावी या तत्त्वाच्या, बाजूने बोलतो, त्याने तात्यांच्या गड्याला उत्तर दिलं पाहिजे.

१९ डिसेंबर, शनिवार

इंटरनेट डॉट ऑर्गचं नाव सप्टेंबरपासून ‘फ्री बेसिक्स’ झालं आहे. त्यात सामील व्हायचं तर संकेतस्थळाने पाळायच्या अटी आज नीट वाचल्या. व्हिडिओ चालणार नाही. मोठी छायाचित्रं चालणार नाहीत. इंटरनेटवरून बोलणं चालणार नाही. जावास्क्रिप्ट चालणार नाही. शिवाय प्रत्येक पान फेसबुकच्या मधल्या सर्व्हरवरून फिरून येणार. म्हणजे कोणत्या गावातला कोणता फोन काय वाचतो आहे, याची वाट एकाच कंपनीच्या अंगणातून जाते.

फेसबुकची बाजूही लिहून ठेवतो, कारण ती समजून न घेता विरोध करणं बरोबर नाही. ते म्हणतात, आम्ही यात जाहिराती दाखवत नाही, अटी पाळील त्या कुणालाही दार उघडं आहे, आणि ज्याने इंटरनेट कधी पाहिलंच नाही तो इथे चव घेऊन पुढे पूर्ण इंटरनेट विकत घेतो. यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण दिवाणजींच्या मुलाचं पान डोळ्यांसमोर आणलं की प्रश्न स्वच्छ होतो. त्याचे भाव जावास्क्रिप्टवर चालतात. म्हणजे त्याने पान मोडून पुन्हा बांधायचं, कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडे अर्ज करायचा, आणि उद्या त्यांनी अटी बदलल्या की पुन्हा बांधायचं. नाही केलं तर? ज्या फोनवर एक यादी फुकट आणि बाकी सगळं पैशाचं, त्या फोनवर यादीबाहेरचं पान जवळपास नसल्यासारखंच. त्याला कुणी बंदी घातलेली नाही, कुणी त्याचा वेगही कमी केलेला नाही, तरी तो बाजारातून उठला.

टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकाने २००३ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचं तत्त्व त्याच्या आजच्या नावाने मांडलं. वाहून नेणाऱ्याने आत काय आहे ते बघून वागणूक बदलू नये. तेव्हा भीती होती ती अडवण्याची आणि वेग कमी करण्याची. २००७ मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट ही केबल कंपनी बिटटॉरेंटची वाहतूक चोरून रोखताना सापडलीसुद्धा. आपल्याकडे प्रश्न वेगळ्या दारातून आला आहे, दराच्या. जिथे बहुतेक लोक दहा-वीस रुपयांचं रिचार्ज मोजून करतात, तिथे वेग कमी करायची गरजच नाही. दराने तेच काम होतं.

२४ डिसेंबर, गुरुवार

ट्रायने रिलायन्स कम्युनिकेशन्सला सांगितलं आहे की चर्चा पूर्ण होईपर्यंत फ्री बेसिक्स थांबवा. बरं झालं. आधी राबवायचं आणि मग लोकांना विचारायचं, हा उलटा क्रम झाला असता.

दुसरीकडे फेसबुकची मोहीम जोरात आहे. वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती आहेत. फेसबुक उघडलं की सूचना येते, फ्री बेसिक्स वाचवा. बटण दाबलं की ट्रायच्या नावाने मजकूर तयार, आपण फक्त पाठवायचं. मजकुरात लिहिलंय की मी फ्री बेसिक्सला आणि भारताच्या डिजिटल समतेला पाठिंबा देतो. ट्रायने विचारलेल्या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्यात नाही. वहिनींनी बटण दाबायच्या आधी मला विचारलं, “भावजी, हे दाबलं नाही तर नेट बंद होणार का?” त्यांना वाटलं, इंटरनेटच वाचवायचं आहे. त्या एकट्याच अशा नसणार.

२८ डिसेंबर, सोमवार

टाइम्स ऑफ इंडियात आज मार्क झुकरबर्गचा लेख आहे. उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं दिलंय. त्याने फ्री बेसिक्सवर हवामान पाहिलं, बाजारभाव पाहिले, त्याला चांगला भाव मिळाला, आता तो नव्या पिकांत आणि जनावरांत पैसे घालतो आहे. मग विचारलंय, यात इंटरनेटचं काय बिघडलं?

त्या शेतकऱ्याची गोष्ट खरी मानूनच उत्तर द्यायला हवं. हवामान कळणं चांगलंच. यंदा मराठवाडा दुष्काळाने होरपळतोय, पावसाचा एक बरा अंदाजही तिथे मोलाचा आहे. पण शेतकऱ्याची गरज तिथे संपते का? डाळिंबावर तेल्या पडला तर पानाचा फोटो काढून कृषी अधिकाऱ्याला पाठवायचा असतो. ठिबकची जोडणी कुठे चुकली, ते दुसऱ्या शेतकऱ्याच्या व्हिडिओत बघायचं असतं. आणि भाव म्हणाल तर एकाने दाखवलेला भाव ही नुसती माहिती असते. चार ठिकाणचा भाव ताडून बघता आला तरच ती शेतकऱ्याच्या हातातली ताकद होते. फोटो आणि व्हिडिओ वगळून, कंपनीच्या यादीतलं तेवढं त्याला द्यायचं आणि शहरातल्याला सगळं, ही समता कशी?

लेखात ग्रंथालयाचा दाखला आहे. ग्रंथालयात जगातली सगळी पुस्तकं नसतात, तरी त्याचा उपयोग होतोच ना? होतो. पण आपल्याकडे १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. अनुदान सरकारचं, कार्यकारी मंडळ सभासदांतून निवडलेलं, आणि हवं ते पुस्तक मागवा म्हणून सांगायला नोंदवही. पुस्तकं कोणती घ्यायची हे एखादा प्रकाशक ठरवत नाही, आणि कोण काय वाचतो याचा हिशेब घरी नेत नाही. फेसबुक स्वतः या बाजारातला सगळ्यांत मोठा दुकानदार आहे. आक्षेप त्यालाच आहे.

१ जानेवारी २०१६, शुक्रवार

मतं पाठवायची मुदत ७ जानेवारीपर्यंत वाढली. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतल्या पन्नासभर प्राध्यापकांनी फ्री बेसिक्सच्या विरोधात निवेदन काढलं आहे. ज्यांनी आयुष्यभर नेटवर्क शिकवलं, ती माणसं उघडपणे बोलली याचं समाधान वाटलं.

आज दिवसभर तिसऱ्या प्रश्नाच्या मागे होतो, कारण तात्यांच्या गड्याचं उत्तर त्यात आहे. मार्ग आहेत. बांगलादेशात मोझिलाने ग्रामीणफोनबरोबर केलेला प्रयोग असा : एक जाहिरात बघा, दिवसाला २० एमबी फुकट घ्या, आणि त्या २० एमबीत वाटेल ते उघडा. कंपनीला धंदा मिळतो, माणसाला पूर्ण इंटरनेट मिळतं, फक्त मापाने. ठरावीक एमबी सगळ्यांना फुकट देता येतील, रात्रीचा डेटा स्वस्त करता येईल, सरकार गरीब कुटुंबांच्या खात्यात डेटाचे पैसे टाकू शकेल. देणगीची मर्यादा एमबीने घालावी, पानांच्या यादीने घालू नये.

एका गोष्टीपाशी बराच वेळ अडलो. विकिपीडिया झीरो. विकिपीडिया काही देशांत मोबाइल कंपन्यांकडून असाच फुकट दिला जातो. विकिपीडियासारखं निर्मळ काम दुसरं नाही, मग त्याला सूट का नको? खूप विचार केला. शेवटी वाटलं, चांगल्यासाठी दार उघडलं तर ‘चांगलं कोण’ हे ठरवण्याचा हक्क मोबाइल कंपनीच्या हाती जातो. तो हक्क कुणाच्याच हाती नसावा. विकिपीडिया वाढला तो सवलतीवर वाढला नाही, मोकळ्या मैदानात वाढला.

६ जानेवारी, बुधवार

उत्तरं लिहून पाठवली.

लिहिण्याआधी मोबाइल कंपन्यांचं म्हणणं पुन्हा वाचलं. त्यांची तक्रार पोकळ नाही. गेल्या मार्चच्या लिलावात स्पेक्ट्रमसाठी सुमारे १ लाख १० हजार कोटी रुपयांच्या बोली लागल्या. टॉवर त्यांनी उभारायचे, कर्ज त्यांनी फेडायचं, आणि एसएमएसचं उत्पन्न व्हॉट्सअॅपने खाल्लं. खर्च भागवायचा कसा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र सरळ आहे : डेटाचे पैसे घ्या. जास्त वापरणाऱ्याकडून जास्त घ्या, वेगाचे वेगळे दर लावा. व्हॉट्सअॅप वापरणारा माणूस डेटा विकत घेऊनच वापरतो, आणि डेटाची मागणी वाढली ती अशा सेवांमुळेच. एमबी मोजा, एमबीच्या आत काय आहे ते मोजू नका.

हवेतल्या लहरी कुणाच्या मालकीच्या नाहीत, त्या सार्वजनिक आहेत आणि लोकांच्या हितासाठीच वापरल्या पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवलं आहे. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून तो खटला उभा राहिला होता. तोही दाखला जोडला.

पहिल्या प्रश्नाला उत्तर : नाही. दुसऱ्याला : परवानगीच देऊ नये, कारण प्रत्येक योजना तपासत बसणं नियामकाला झेपणार नाही, आणि लहान माणूस तक्रार घेऊन दिल्लीला जाऊ शकत नाही. तिसऱ्याला : वर लिहिलेले मार्ग. चौथ्याखाली दिवाणजींच्या मुलाच्या पानाबद्दल लिहिलं. पाठवायच्या आधी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “सर, हिंगोलीचं नाव राहू द्या.” राहू दिलं.

२० जानेवारी, बुधवार

ट्राय आणि फेसबुक यांच्यातली पत्रं जाहीर झाली. ट्रायने फेसबुकला स्पष्ट कळवलंय की चर्चापत्र म्हणजे बहुमत मोजायची मतपेटी नव्हे. विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं हवी होती, एकाच साच्यातल्या लाखो प्रती नकोत. एकूण सुमारे २४ लाख प्रतिसाद आले, त्यातला बहुतांश भाग फ्री बेसिक्सच्या साच्यातलाच होता.

ट्रायची भूमिका मला फार महत्त्वाची वाटते. ज्या कंपनीकडे देशातल्या कोट्यवधी माणसांच्या पडद्यावर एकाच वेळी सूचना झळकवायची सोय आहे, तिने आपल्याच धंद्यासाठी ती वापरली. नियामक डोकी मोजत बसला असता तर निकाल लागलाच होता. एप्रिलमध्ये न्यूट्रॅलिटीच्या बाजूनेही तयार मजकूर फिरला होता, हेही खरं. पण त्यात प्रश्नांची उत्तरं होती, आणि ज्याला हवं त्याला ती बदलता येत होती.

८ फेब्रुवारी, सोमवार

निकाल लागला!

ट्रायने आज विनियम काढला : कोणतीही सेवा पुरवणारी कंपनी मजकूर बघून डेटाचे भेदभावाचे दर लावणार नाही. त्यासाठी कुणाशी करारही करणार नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. आणीबाणीच्या सेवांसाठी किंवा मोठ्या आपत्तीच्या वेळी दर कमी करता येतील, पण कामकाजाच्या सात दिवसांत ट्रायला कळवायचं. आधीच विकलेले पॅक सहा महिन्यांत संपवायचे. दोन वर्षांनी फेरविचार.

दंडाची रक्कम या कंपन्यांपुढे काहीच नाही, ती मोठी असायला हवी होती. पण नियमाची भाषा इतकी नितळ आहे की पळवाट शोधायला जागा कमी. अनेक देशांनी प्रत्येक योजना वेगवेगळी तपासायचं ठरवलं. चिलीने २०१० मध्ये पहिला कायदा केला, नेदरलँड्सने २०१२ मध्ये केला, युरोपीय संघाने गेल्या वर्षी. आपण दराच्या बाबतीत सरसकट मनाई केली. ट्रायचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी हा निर्णय घेतला तो फेसबुकच्या साऱ्या जाहिरातबाजीपुढे उभं राहून. शासकीय कार्यालयाचं कौतुक करायची वेळ क्वचित येते, ती आज आली.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

फेसबुकने भारतातलं फ्री बेसिक्स गुंडाळलं. मधल्या दोन दिवसांत त्यांच्या संचालक मंडळावरचा गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन ट्विटरवर लिहून बसला की वसाहतवादाला विरोध करून भारताने दशकानुदशकं आपलं नुकसान करून घेतलं. गदारोळ झाल्यावर त्याने माफी मागितली, झुकरबर्गनेही हात झटकले. पण त्या एका वाक्याने अनेकांना कळलं की फुकट देणाऱ्याच्या मनात घेणाऱ्याची जागा कुठे असते.

तात्यांना पेपर वाचून दाखवला. म्हणाले, “जिंकलात, मास्तर. आता गड्याचं बघा.”

त्यांचं बरोबर आहे. नियमाने चुकीची वाट बंद केली, बरोबर वाट बांधून दिली नाही. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, ती अजून रेंगाळतेच आहे. ज्यांनी फ्री बेसिक्सविरुद्ध आवाज उठवला त्यांनी आता त्याच आवाजात स्वस्त डेटा आणि गावापर्यंत फायबर मागितलं पाहिजे. नाहीतर आपण फक्त स्वतःचं इंटरनेट वाचवलं, असं होईल.

१६ डिसेंबर २०१७, शनिवार

या विषयाचं पान बऱ्याच दिवसांनी.

परवा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ चे नेट न्यूट्रॅलिटीचे नियम तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केले. अध्यक्ष अजित पै. नियम झाले होते तेही तीन विरुद्ध दोननेच. पक्ष बदलला की नियम बदलला. आणि इकडे आपल्या ट्रायने २८ नोव्हेंबरला पुढच्या शिफारशी दिल्या. नुसता दरातला भेदभाव नव्हे, अडवणं, वेग कमी करणं, कुणाला पुढे काढणं, या सगळ्यालाच मनाई करा आणि ती परवान्याच्या अटींत घाला.

तात्यांच्या गड्याकडे आता फोर-जी आहे. दिवसाला एक जीबी, आणि त्यात वाटेल ते. गेल्या वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि दर कोसळले. बांधावर बसून तो ऊसतोडणीच्या यंत्राचे व्हिडिओ बघतो, मुलीला कविता ऐकवतो. चव दाखवायला चार पानांची यादी लागली नाही, दर उतरले आणि माणूस आपण होऊन आला. गरिबाला काय हवंय हे इतरांनी ठरवायचं कारण नव्हतं.

याची दुसरी बाजूही आहे. स्वस्ताईच्या या लढाईत लहान कंपन्या मोडल्या. ज्या रिलायन्स कम्युनिकेशन्सवर फ्री बेसिक्स चाललं होतं, तिची मोबाइल सेवा या महिन्यापासून बंद झाली. चार-पाच मोठ्यांच्या हातात सगळं आलं की नियमाची गरज आणखी वाढते.

१३ जुलै २०१८, शुक्रवार

दूरसंचार खात्याने परवा ट्रायच्या शिफारशी मान्य केल्या. मजकूर अडवणं, मंदावणं, पुढे काढणं, सगळ्याला मनाई. जगातल्या सगळ्यांत भक्कम नियमांत याची गणना होते आहे. दिवाणजींचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला, भावांचं पान आता धाकटा भाऊ चालवतो.

४ जानेवारी २०२५, शनिवार

अमेरिकेच्या सहाव्या सर्किट न्यायालयाने २ तारखेला निकाल दिला की दूरसंचार आयोगाला नेट न्यूट्रॅलिटीचे नियम लावायचा अधिकारच नाही. गेल्या एप्रिलमध्ये आयोगाने ते तीन विरुद्ध दोनने परत आणले होते. २०१० पासून हे असं चाललं आहे : नियम करा, न्यायालयात पाडा, पुन्हा करा, पुन्हा काढा. संसदेने कायदा केला नाही की असंच होतं. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने स्वतःचा कायदा केला, तो टिकला आहे.

२०१७ च्या त्या निर्णयाआधी अमेरिकेत सुमारे २ कोटी २० लाख प्रतिसाद आले होते. त्यातले जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होते, असं न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत २०२१ मध्ये निघालं. मेलेल्या माणसांच्या नावानेही मतं गेली होती. ट्रायने साच्यातल्या प्रतिसादांना मतपत्रिका मानायला नकार दिला होता, ते किती शहाणपणाचं होतं, हे आता जास्त कळतं.

आपल्याकडे काय स्थिती आहे? नियम जागेवर आहे, पण तो उभा आहे ट्रायच्या विनियमावर आणि परवान्याच्या अटींवर. त्याला धक्के बसू लागले आहेत. मोबाइल कंपन्या मागणी करतात की यूट्यूब-नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या सेवांनी नेटवर्कच्या खर्चाचा वाटा उचलावा. जुलै २०२३ च्या ट्रायच्या चर्चापत्रावर या मागणीने पुन्हा उचल खाल्ली. ऐकायला न्याय्य वाटतं. दक्षिण कोरियात पाठवणाऱ्याकडून पैसे घ्यायची पद्धत आहे, आणि खर्च परवडत नाही म्हणून ट्विच ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडून गेली. आज मोठ्यांकडून वाटा घ्यायची सवय लागली की उद्या ती रेषा खाली सरकते. नाका तोच, फक्त दुसऱ्या बाजूने बसवायचा.

आणि एक उणीव स्पष्ट लिहिली पाहिजे. हा नियम कंपन्यांना बांधतो, सरकारला बांधत नाही. जिल्हाच्या जिल्हा इंटरनेट बंद करायचा आदेश निघतो, तेव्हा सगळीच पानं सारखी अडतात. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात सांगितलं की बेमुदत बंदी घालता येणार नाही आणि आदेश जाहीर केले पाहिजेत. तरीही कुठे परीक्षेसाठी, कुठे मोर्चासाठी इंटरनेट बंद होतंच. ज्या पानावर शेतकरी भाव बघून ट्रक भरतो, ते कंपनीने रोखलं काय आणि सरकारी आदेशाने बंद पडलं काय, त्याचं नुकसान तेवढंच.

मला जे म्हणायचं आहे ते इतकंच. गरिबाला इंटरनेट द्यायचं तर पूर्ण द्या, मापाने द्या, स्वस्त द्या. निवडून देऊ नका. २०१६ मध्ये हे तत्त्व टिकलं, कारण लाखो साध्या माणसांनी दूरसंचारचं किचकट चर्चापत्र उघडून वाचलं आणि लिहिलं. आता ते संसदेच्या कायद्यात कलम म्हणून आलं पाहिजे, म्हणजे अध्यक्ष बदलला, सरकार बदललं तरी ते हलणार नाही. पुढचं चर्चापत्र येईल, नक्की येईल. तेव्हा बटण दाबून तयार मजकूर पाठवू नका. प्रश्न वाचा, आपल्या गावातलं एक उदाहरण घ्या, आणि उत्तर आपल्या शब्दांत लिहा.